देवचाराची किंमत

१४ मे २००५. मी कोकमाची सोलं वाळत घालत होते. शेजारचे निवृत्त कारकून स्वतः बनवलेले भुतांचे पत्ते घेऊन आले. भुताचा पत्ता डावात उतरवायला शिंपले मोजायचे: ताकदीचे दोन, उडत असेल तर आणखी एक, विस्तवाला भीत असेल तर एक सूट. खविसाच्या हिशेबात त्यांचा आठवडा गेला होता. देवचार मात्र फुकट.

"जो तो देवचारच उतरवता. पोरां कंटाळली, खेळ मोडलो!"

"मग लावा त्याका किंमत."

"गो बाय, गावच्या राखणदाराक किंमत लावणारो मी कोण?"

"दर वर्षी नारळ नि विडी ठेवतास मां त्याका?"

ते पत्ते पिसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुठ्ठ्याच्या विड्या कापल्या. देवचार बोलवायचा तर विडी ठेवायची. डावात माणशी एकच.