चोवीस दाते

नवरा गेला तेव्हा मी भाकरी थापत होते. "बा उठत नाही," मुलगा म्हणाला. हात धुऊन जाऊन पाहिलं... संपलं होतं. महिना झाला. जन्मभर नाव घेतलं नाही, आता घेते. आत्माराम. लोक म्हणतात, फार सरळ माणूस. होताच. त्या सरळपणाचा जाच मी सोसला.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तो नंदुरबारला एका शेठची लॉरी चालवायचा. आम्ही त्याच्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवारात एका खोलीत राहायचो. फाटकावर पहारेकरी. मी विहिरीपर्यंत जायचे नि परत यायचे. माझं माहेर साक्रीच्या रस्त्यावरच्या एका फाट्यापासून पाच मैल आत, जंगलातून. लॉरी धुळ्याला त्याच फाट्यावरून जायची. पण परत आली की शेठ मीटर बघायचे. दहा मैल जास्त निघाले म्हणून आधीचा ड्रायव्हर घरी बसला होता.

मग टायर मिळेनात. शेठनं लष्करातले जुने, मोठे टायर बसवले. मोठ्या चाकांनी मीटर कमी दाखवतं की काय, अशी आत्मारामला शंका आली. मी चौथी पास, म्हणून त्यानं मला शेजारी बसवून मैलाचे दगड मोजायला लावले. बारा दगड गेले, मीटरवर अकरा. मीटर फिरवणाऱ्या पितळी दातेरी चाकाला चोवीस दाते होते. मी ऐटीत सांगितलं, बावीसचं घाला. सांगून बसले आणि मग डोक्यात आलं... मीटर असंच राहिलं, तर धुळ्याच्या जाऊन-येऊन एकशेवीस मैलांच्या फेरीत माहेरचे जास्तीचे दहा मैल कुणाला दिसणार नाहीत. आई अंथरुणाला खिळली होती. मला सातवा महिना, पायी जाणं शक्य नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या ना ते मीटर. मन्ही मायले एकडाव भेटी येऊत."

"उद्या शेठनी लहान टायर टाकात ते मीटर जास्ती दखाडी. मंग मन्हावर कोन भरोसा ठेवी?"

"मीटरसंगेच लगीन लावनं व्हतं!"

तो हसला आणि त्यानं चाक बदललं.

पंधरा दिवसांनी आईचा निरोप आला, भेटून जा. मी म्हटलं, एक दिवस जुनं चाक बसवा.

"ते फेकी दिनं मी," तो म्हणाला.

मी मानलं. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. धुळ्याच्या पुढच्या फेरीला त्यानं विचारलं, येतेस का? मी खोलीतच बसले. फाटा नुसता बघायला कशाला जायचं? चौथ्या दिवशी आई गेली.

परवा त्याची पत्र्याची पेटी उघडली. लायसनखाली तेलकट फडक्यात एक पितळी चाक होतं. मी दाते मोजले. पुन्हा मोजले. चोवीस.

पेटी बंद केली. चाक अजून माझ्या उशाशी आहे.