कडेलोटबाईंची रविवारची फेरी

माणसाला कड्यावरून कसं लोटत, हे आमच्या बाई पुरणपोळीची कृती सांगावी तितक्या निगुतीने सांगत. हात आधी बांधायचे की डोळे, पोत्यात घालायचं की तसंच उभं करायचं, सगळं क्रमवार. बाई मध्येच थांबून पर्समधली आवळासुपारी तोंडात टाकत. ‘‘हं, कुठे होतो आपण?’’ कुणीतरी चिरक्या आवाजात म्हणे, ‘‘कड्यावर.’’ ‘‘कड्याच्या टोकावर,’’ बाई दुरुस्ती करत आणि पुढे सांगू लागत.

साताऱ्यात त्यांना सगळे कडेलोटबाई म्हणत. खरं नाव सांगितलं तर रिक्षावाल्याला घर सापडत नसे. मुलींच्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात. बाई दर रविवारी सकाळी गोलबागेपाशी जमलेल्या लोकांना घेऊन जुन्या शिक्षांची फेरी काढत. पेठांमधून किल्ल्यावर, तिथून कड्यापाशी आणि उतरून शेवटी गावाबाहेरच्या ओढ्याकाठी. पायात कॅनव्हासचे बूट, अंगावर सुती साडी आणि हातात छत्री. ती छत्री ऊन-पावसासाठी नव्हती, टोकाने जागा दाखवण्यासाठी होती.

मी मूळचा सांगलीचा. बदली होऊन साताऱ्याला आलो, घरचे सगळे सांगलीलाच, त्यामुळे रविवार अंगावर यायचा. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, फेरीला जा, शेवटी सगळे मिळून मिसळ खातात. मी मिसळीसाठी गेलो, हे उघड सांगतो. मला साधं रक्त बघितलं तरी घेरी येते. हत्तीच्या पायी कसं देत, याचं वर्णन सुरू झालं तसा मी एका पायरीवर मटकन बसलो. बाईंनी छत्रीचं टोक माझ्याकडे केलं.

‘‘कुठले?’’

‘‘सांगलीचा.’’

‘‘तरीच. हळदीच्या गावचे. जरा खरचटलं की लावली हळद. इथे हळद पुरायची नाही हो, सांगलीकर.’’

त्या दिवसापासून माझं नाव सांगलीकर पडलं, आणि दुसऱ्या रविवारपासून अरे-तुरेवर आलं. मिसळ बरी होती, पण पुन्हा गेलो तो बाईंसाठी.

एवढ्या क्रूर गोष्टी सांगणारी ही बाई स्वतः कोंबडीचं दुकान दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडून जायची. घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बाहेर सोडायची. मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, ‘‘अरे, इतिहासात तलवार सगळ्यांना दिसते, मान कुणाला दिसत नाही. मी मानेच्या बाजूची आहे.’’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि ते नुसतं वाक्य नव्हतं. लोक विचारत, शिक्षा कुणी दिली, कोणत्या गुन्ह्याला दिली? बाई उलट विचारत, दोर कुणी धरला? तो घरी जाऊन जेवला का? त्याच्या बायकोने त्याला वाढताना काय विचारलं असेल? याची उत्तरं त्यांच्याकडेही नसत, आणि ‘‘मला ठाऊक नाही’’ हे त्या खणखणीत आवाजात सांगत. एवढ्या ऐटीत अज्ञान कबूल करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

एकदा शिरवळच्या कुठल्याशा कारखान्यातली पोरं आली होती. कड्यापाशी पोहोचताच एक जण दुसऱ्याला ढकलल्याचं नाटक करून व्हिडिओ काढायला लागला. ‘‘लय भारी हाय रं! आजून येकदा, येकदा!’’ बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्या पोराला कड्यापासून चांगलं लांब, झाडाखाली बोलावलं, त्याचे हात मागे घेऊन आपल्या रुमालाने बांधले आणि म्हणाल्या, ‘‘डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत.’’ मग काहीच बोलल्या नाहीत. वारा तेवढा वाहत होता. पोराचे खांदे हळूहळू आक्रसले, मान खाली गेली. बाईंनी गाठ सोडली तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘बाई, मागनं कोन येतंय ते कळंना वं.’’ उतरताना बाईंची पिशवी त्यानेच घेतली होती.

बाईंचं एकाच गोष्टीशी हाडवैर होतं: ऑइल पेंट. मेढ्याच्या बाजूला एका गावात लढाईत पडलेल्या कुणा शिपायाचा कोरीव दगड आहे, ज्याला वीरगळ म्हणतात. तिथल्या तरुण मंडळाने भक्तिभावाने तो चंदेरी रंगाने रंगवला. शिपायाला काळ्या मिश्या काढल्या, घोड्याला निळे डोळे. मी तिथे नेलं तेव्हा बाई त्या घोड्यापुढे डोक्याला हात लावून बसल्या. पोरं शेजारी अभिमानाने उभी, कौतुकाची वाट बघत. बाई त्यांना काही बोलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर मात्र माझ्यावर डाफरल्या, ‘‘रंग नाही तर शेंदूर! दोनच गोष्टी येतात आपल्याला. एकदा देव केला की माणूस मेलाच म्हणून समज. देवाला कोण विचारतंय, तुला दुखलं का म्हणून?’’

म्हणूनच ओढ्याकाठच्या दगडाला त्या कुणाला हात लावू देत नसत. फेरी तिथे संपे. तो सतीचा दगड होता. वर चंद्र-सूर्य, खाली कोपरात दुमडलेला एक हात, त्या हातात बांगड्या, आणि बाजूला एक लहानसा चेहरा, झिजलेला तरी ओळखू येणारा. बाई तिथे छत्री मिटून खाली ठेवत. ‘‘हिचं नाव कुणाला ठाऊक नाही,’’ त्या सांगत. ‘‘आपणहून गेली की लोटली, तेही ठाऊक नाही. वाजंत्री मात्र मोठ्याने वाजवत. कशासाठी, ते तुम्हीच ओळखा. बांगड्या मोजू नका, चेहऱ्याकडे बघा. कोरणाऱ्याने तिला हसरी केलेली नाही.’’ एरवी हसतखेळत सांगणाऱ्या बाई तिथे हळू आवाजात बोलत. त्या स्वतः विशी-पंचविशीत विधवा झालेल्या. दोनतीनशे वर्षं आधी जन्मल्या असत्या तर, हे त्या कधी बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

मग ओढ्याकडेने रस्ता रुंद व्हायला लागला. गटाराचं काम निघालं. दगड वाटेत येतो, हे कळल्यावर बाईंनी अधिकाऱ्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना भेटून घेतलं. सगळीकडे चहा मिळाला आणि ‘बघू’ मिळालं. एका सकाळी त्यांचा फोन आला.

‘‘सांगलीकर, घरात हळद आहे का? तुमच्याकडची?’’

‘‘आहे. का? लागलं का कुठे?’’

‘‘घेऊन ओढ्यावर ये. आणि येताना नारळ आण.’’

मी पोहोचलो तर जेसीबी दगडापाशी उभा. मुकादम आपल्या माणसांना सांगत होता, ‘‘झ्याक सपाट हाय. गटारीवर पालथा टाका, बायकास्नी पलीकडं जायाला बरं.’’ म्हणजे ती बांगड्यांची बाजू खाली, गटाराच्या पाण्यावर. बाई दगडासमोर मांडी घालून बसल्या होत्या. हातात खण, तांदूळ, पर्समध्ये कुंकवाची पुडी. मला क्षणभर काही कळेना. मग कळलं: देवीला कुणी गटारावर पालथं घालणार नाही, म्हणून बाई दगडाची देवी करायला बसल्या होत्या.

‘‘बाई, तुम्ही?’’

‘‘हळद दे,’’ त्या म्हणाल्या.

आजूबाजूला बायका जमल्या होत्या. त्यातली एक पुढे झाली. ‘‘आवं बाई, तुमी वटी भरू नगासा. सवाष्णीनं भरायची आसती.’’ खरंच होतं. देवीची ओटी विधवेने भरायची नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. बाईंनी आयुष्यभर असल्या रिवाजांना छत्रीच्या टोकाने बाजूला सारलं होतं. आज त्याच रिवाजाचा आसरा घ्यायला आल्या, तर दारातच अडल्या. मुकादमाने घड्याळ बघितलं.

तेव्हा शालनकाकू उठल्या. माण भागातून मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरच्या, आता ओढ्यापलीकडे राहून भाजी विकणाऱ्या. कमरेवर हात ठेवून त्या बायांना म्हणाल्या, ‘‘आन् हिचा न्हवरा काय जित्ता व्हता व्हय? त्यो मेला म्हणून तर ह्या दगडात आली. भरू द्या बाईस्नी. दोगी येकीच घरच्या हायती.’’

अडवणारी बाजूला सरली. बाईंनी दगडाला हळदकुंकू लावलं, खण-नारळाने ओटी भरली आणि पदर पसरून डोकं टेकवलं. मागोमाग शालनकाकूंनी टेकवलं, मग एकेक करून सगळ्यांनी. जेसीबीवाला पोरगा खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले आणि मुकादमाला म्हणाला, ‘‘मी न्हाई हात लावायचा गड्या. माजी बायकू पोटुशी हाय.’’ गटार चार हात वळवून काढलं गेलं.

दगड वाचला. पण पुढचं बाईंना माहीत होतं, आणि तसंच झालं. महिन्याभरात पत्रा आला, मग फरशी, मग घंटा. ‘सतीआई’ अशी पाटी लागली. शेंदराचे थर चढत गेले आणि तो लहानसा चेहरा कायमचा बुजला. रविवारी फेरी तिथे पोहोचली की लोक हात जोडून पुढे सरकत, ऐकायला कुणी थांबत नसे. एकदा परतताना बाई म्हणाल्या, ‘‘दगड वाचवला रे, पण बाई घालवली. माझ्याच हाताने.’’ खोटं सांत्वन त्यांना चालत नसे.

पण गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. शुक्रवारी बायकांची गर्दी होई. बाई शुक्रवारीही जायला लागल्या. कट्ट्यावर बसून, ओटी भरायला आलेल्या बायकांना त्या देवीची नव्हे, दगडातल्या माणसाची गोष्ट सांगत. आरतीची जमवाजमव करणारे एक पुढारी वैतागून म्हणाले, ‘‘बाई, देवीम्होरं आसलं अभद्र बोलायचं नसतंय.’’ बाई म्हणाल्या, ‘‘केलं ते अभद्र. मी नुसतं सांगतेय.’’ शालनकाकूंनी एकदा हळूच विचारलं, ‘‘लय भाजलं आसंल का वं बाई?’’ बाई म्हणाल्या, ‘‘तव्याला बोट लागतं ना तुमचं? तसं. सगळ्या अंगाला.’’ बायका च्‌ च्‌ करत, घंटा वाजवत आणि घरी जात. बाईंना वाटे, पालथ्या घड्यावर पाणी. गुडघे पार गेले तरी त्या रिक्षाने जात राहिल्या. मला वाटतं, तो दगड त्यांना आपलं देणं वाटत असावा.

माझी बदली पुन्हा सांगलीला झाली. निरोप घ्यायला गेलो तर म्हणाल्या, ‘‘मिसळ खाऊन जा. तेवढ्यासाठीच आला होतास.’’ पुढच्या वर्षी त्या गेल्या. मला उशिरा कळलं. त्यांच्या जाण्याने मला जे वाटलं ते माझे वडील गेले तेव्हा वाटलं होतं, एवढंच सांगतो.

यंदा नवरात्रात साताऱ्याला गेलो, तेव्हा पाय आपोआप ओढ्याकडे वळले. मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून वाटेत उदबत्त्या घेतल्या. चांगली गर्दी होती. दगडावर शेंदूर आणखी चढला होता, हात कुठला आणि चंद्र कुठला तेही कळत नव्हतं. ओळखीचं कुणी दिसलं नाही. शालनकाकूही गावाकडे गेल्या होत्या म्हणे. मी उदबत्ती काढून काडी ओढणार, तोच शेजारच्या एका तरुण बाईने माझा हात धरला. कडेवर लेकरू होतं.

‘‘आवं दादा, पेटवू नगा. हितं जाळत न्हाईत.’’

मी आजूबाजूला बघितलं. दिवा नव्हता. कापूर नव्हता, निरांजन नव्हतं, ऐन नवरात्रात अखंड ज्योतही नव्हती. बायका रांगेने येत होत्या आणि तांब्यातलं गार पाणी दगडावर हळूहळू ओतत होत्या.

‘‘का?’’ मी विचारलं.

‘‘हिला जित्ती जाळलीया न्हवं? जाळ सोसत न्हाई तिला. कुनाच्या घरात सून भाजली, छळली, तर हितं यून पानी घालत्यात.’’

‘‘हे कुणी सुरू केलं?’’

ती माझ्याकडे नवलाने बघायला लागली. ‘‘कुनी म्हंजी? पयल्यापास्नं तसंच हाय की.’’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे बघायला बाई हव्या होत्या, दुसरं काही मनात आलं नाही. त्या तरुणीने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आपला तांब्या माझ्यापुढे केला. ‘‘घाला, दादा. आर्दा हाय आजून.’’

मी काडेपेटी खिशात टाकली आणि तांब्या घेतला.