माफीचं माप

आमचे थोरले मामा दातांच्या कवळ्या करायचे. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या छोट्या खोलीत, प्लास्टरची पांढरी भुकटी भुवयांवर घेऊन, ते तीस वर्षं लोकांचं हसू दुरुस्त करत बसले. स्वतः मात्र फारसे हसत नसत. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तर मुळीच नाही.

दर वर्षी भस्म बुधवारी, उपवासाच्या पहिल्याच दिवशी, ते साखर सोडत. दुसऱ्या दिवसापासून घरात कुणी खुर्ची सरकवली तरी त्यांच्या कपाळावर आठ्या चढत. त्याग मामा करत आणि तो भोगायला लागे घराला. एका वर्षी मामींचा धीर सुटला. चहाचा कप पुढे ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "यंदा साखर घातली आहे. प्यायची. सोडायचंच असेल तर धाकट्या भावजींवरचा राग सोडा. चाळीस दिवसांपुरता. नाही जमलं, तर नंतर पुन्हा धरा."

हा राग नऊ वर्षांचा होता. धाकटे मामा चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. थोरल्यांना गाण्याची भारी हौस, पण सूर त्यांच्या वाटेला जात नसे. एका सरावात धाकट्यांनी सगळ्यांदेखत त्यांना सांगितलं, "दादा, तू नुसतं तोंड हलव." थोरल्यांनी स्तोत्रांचं पुस्तक मिटलं, घर गाठलं आणि भावाशी बोलणं टाकलं. त्यानंतर चर्चमध्ये दोघे भाऊ दोन टोकांना बसत, आणि मामी मधे बसून दोघांनाही मान हलवून नमस्कार करत.

मामांनी चहा प्यायला. रागाचं काय करणार ते बोलले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात धाकटे मामा पायरीवरून घसरले आणि वरचे चार दात गमावून बसले. हिरड्या भरून आल्यावर दंतवैद्यांनी त्यांना माप द्यायला मागच्या खोलीत पाठवलं. ईस्टर जेमतेम दहा दिवसांवर आला होता.

थोरल्यांनी माप घ्यायचा लगदा कालवला, साच्यात भरला आणि भावाच्या तोंडात दाबून धरला. तो घट्ट होईपर्यंत माणसाला चकार शब्द काढता येत नाही. मामा पुढे मामींना सांगत, नऊ वर्षं घोकलेलं वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. "आता तू नुसतं तोंड हलव." इतकी आयती संधी पुन्हा कुठून मिळणार? धाकट्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मामांनी ते वाक्य गिळलं. साखरेशिवायचा चहा त्यापुढे काहीच नव्हता, असं ते म्हणत. त्यांनी एवढंच विचारलं, "दुखतंय का रे?" धाकट्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लगद्यामुळे आलं, असं दोघांनीही ठरवून टाकलं.

चार दिवसांनी दात तयार झाले. बसवून पाहताना धाकट्यांनी स्तोत्राची ओळ म्हटली, तर प्रत्येक 'स' बरोबर बारीक शिटी वाजली. ती फक्त थोरल्यांना ऐकू आली. त्यांनी दात काढून घासले, बसवले, पुन्हा घासले. पाचव्या खेपेला शिटी थांबली.

"कान तुझा पहिल्यापासून तिखट," धाकटे म्हणाले. मग पुढे म्हणाले, "दादा, त्या दिवशी तू बेसूरच गात होतास. ते मी परत घेणार नाही. पण चारचौघांत बोलायला नको होतं. ते माझं चुकलं."

थोरल्यांना अख्खी माफी हवी होती, मिळाली अर्धी. उरलेली अर्धी त्यांनी पदरची घातली आणि म्हणाले, "गातो मी वाईटच. तुझ्या वहिनीलाही माहीत आहे. चल, तोंड धू."

ईस्टरला धाकटे मामा नव्या दातांनी गायले. त्यानंतर थोरले दर शनिवारी सरावाला जाऊ लागले, गायला नव्हे, मागच्या बाकावर बसून ऐकायला. कुणाचा सूर हलला की ते खाकरत. पहिल्याच महिन्यात गाणाऱ्या बायका मामींकडे तक्रार घेऊन आल्या. मामींनी त्यांना बसवलं, चहा केला, सगळं ऐकून घेतलं. पण शनिवारची संध्याकाळ घरात किती शांत जाते, हे त्या कुणाला बोलल्या नाहीत.