संक्रांतीतला सर्व्हे

माणसांची राजकीय मतं सर्दीसारखी पसरतात, अशी माझी पीएचडी होती. प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका, येणंजाणं असलेल्या दोन घरांमध्ये एक रेघ, आणि ठरावीक शक्यतेने एक ठिपका शेजारच्याचं मत उचलतो. काही ठिपके हट्टी, ते जन्मात बदलत नाहीत. बाकीची दीडशे पानं गाईडला बरं वाटावं म्हणून होती.

ठिपके भरपूर होते, माणसं मिळत नव्हती. मी पनवेलच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. कॉलनीत दारोदार जाऊन "मत कुणाला देणार?" विचारलं की लोक साखळी न काढताच "साहेब घरी नाहीत" सांगायचे. तेवढ्यात आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि गल्लोगल्लीच्या भाऊंनी घाईघाईने आपापल्या बायकांना फोटो स्टुडिओत नेलं. आमची आई निवृत्त शिक्षिका. पाण्याच्या टँकरसाठीचे कॉलनीचे सगळे अर्ज तिच्या अक्षरात. कुणीतरी तिला म्हणालं, "बाई, तुम्हीच उभ्या राहा, अपक्ष." आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मला म्हणाली, "तुझं गणित काय म्हणतं ते बघ."

संक्रांत तोंडावर होती. संक्रांत ते रथसप्तमी घरोघर हळदीकुंकू, म्हणजे कोण कुणाकडे जातं याचा आयता नकाशा! मी आईबरोबर साडी नेसून हिंडले. वाण म्हणून इतक्या प्लॅस्टिकच्या गाळण्या मिळाल्या की सात पिढ्यांचा चहा गाळून व्हावा. प्रत्येकीला तिळगूळ तोंडात असतानाच विचारलं. उत्तर एकच: "अगं, बाईंनाच की! विचारायचं काय त्यात?"

करंजा बंदरावरून मासळी आणणाऱ्या मावशीला मी हे कौतुकाने सांगितलं. पाटी दारात टेकवून ती खो खो हसली. "बाय, सनाच्या दिशी तोंडावर नाय कोन म्हनंल गं? आमी पन गिऱ्हाइकाला ताजीच हाय म्हनतो."

मावशीला आलेखशास्त्र येत नव्हतं, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. कॉम्प्युटरला आकडे घातले. आईचा रंग जांभळा ठेवला होता. बघता बघता अख्खा स्क्रीन वांग्याच्या मळ्यासारखा झाला. खरं सांगायचं तर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण गाईडकडे द्यायची मुदत जवळ आली होती आणि मला सुंदर निकाल हवाच होता. मी आईला ठासून सांगितलं, "तू निवडून येतेस." दुसऱ्या दिवशी तिने इस्त्रीची साडी नेसून फॉर्म भरला.

मतं पडली एकोणचाळीस. आमच्या एकट्या बिल्डिंगीत हळदीकुंकवाला त्याहून जास्त बायका होत्या. जिंकली ती एका भाऊंची बायको, जिला आम्ही फक्त बॅनरवर पाहिलं होतं.

त्यानंतर आठवडाभर जिन्यात भेटेल ती बाई आईचा हात धरून म्हणायची, "आम्ही तुम्हालाच दिलं हो, बाई." आई प्रत्येकीला "माहीत आहे ना" म्हणायची. ते ऐकून माझं डोकं फिरायचं. एकदा चहा घेताना मी एकेकीचा उद्धार सुरू केला. ढोंगी, खोटारड्या, सगळं म्हणून झालं.

"त्यांच्यावर कशाला चिडतेस?" आई म्हणाली. "संक्रांतीत दुसरं काय बोलतील? मला तेव्हाच कळलं होतं."

"कळलं होतं? मग उभी कशाला राहिलीस?"

आईने बशीतला चहा संपवला. "त्या काय, गोड बोलणारच. तू माझ्याशी कधी गोड बोलत नाहीस. तू म्हणालीस, म्हणून मला खरं वाटलं."