एकेचाळीस नणंदा

मले नणंद नाही, म्हणून माझ्या बापानं मले या घरात दिलं. सासू नाही, नणंद नाही, पोरगी राणीवाणी राहीन, असं त्याच्या मनात. आता हसू नका वं! त्याच घरात एका भाऊबीजेले, न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत, मले एकेचाळीस नणंदा झाल्या. एक कमी नाही.

आमचे हे, पुंजारामजी, अमरावतीच्या कापूस बाजारात सरकारी तपासनीस होते. होते मूळचे वेचणीवाल्या बाईचे पोर. जागा मिळाली ती गालामुळं. मूठभर कापूस गालाले लावला की सांगत, "यात पाणी शिंपडलं," नाहीतर, "यात मागच्या सालचा मिसळला." गोऱ्या साहेबानं तीनदा परीक्षा घेतली, तीनदा हरला, अन् जागा देऊन टाकली. ह्यायचा सगळा जीव त्या जागेत. सणालेबी पगडी घालून बाजारात एक चक्कर मारून येत. घरची पुरणपोळी गार होऊन जाय, त्याची चौकशी नाही.

तो काळच येडा होता बाप्पा! सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली, अन् विलायतेले आपल्या वऱ्हाडाच्या कापसाबिगर सुधरेना. परतवाड्याकडून, अकोल्याकडून गाड्यायची रांगच रांग. कालपर्यंत लंगोटीवर फिरणारा आज बैलाचे शिंग चांदीनं मढवून राहिला. एकानं तं म्हशीच्या गळ्यात सोन्याचा पट्टा घातला, अन् म्हैस तळ्यात बसली की काठावर दोन गडी पहाऱ्याले! असा भाव असला की माणसाले पाणीबी कापसाच्या भावानं विकावं वाटते. वाटते काय, विकतच होते मेले.

पण हे कोणाचं पानसुद्धा खात नसत. एका साली माझ्या बापाचीच गाडी बाजारात आली. हे सरळ साहेबापुढं गेले. "हा माझा सासरा हाय. याच्या कापसाले मी हात लावणार नाही. दुसऱ्याले सांगा." साहेब इतका खूश झाला की त्यानं नियमच काढला. तपासनीसानं कोणाकडून काही घेऊ नये. नातेवाइकाचा कापूस तपासू नये. नातं असन तं लिहून द्यावं, ती गाडी दुसरा तपासनीस पाहीन. दुसरे म्हणजे अकोल्याहून आलेले महादेवराव. ते सावलीत बसत, दुरूनच गाडीकडं पाहत अन् चांगल्या मालाची छाप मारायले लावत. माझा बाप मात्र रुसला. "जावई परका झाला," म्हणे, अन् वर्षभर आमच्या दारी फिरकला नाही. मी चुलीपुढं बसून त्या नियमाले पोटभर शिव्या घातल्या.

या नियमाची फट सापडली नांदगावच्या जानरावले. त्याचा कापूस असा ओला की पिळला तं घागर भरन. त्यानं डोकं लढवलं. महादेवरावाकडं जायचं तं पुंजारामाचा नातेवाईक व्हा! पुंजारामाले भाऊ नाही, बहीण नाही, मग बहीणच होऊन जा. अन् भाऊबीजेले भाऊ काही घेत नाही, देते. म्हणजे घ्यायचा नियमबी मोडत नाही. ओवाळायले आलेल्या बाईले दारातून वापस कोण लावन? अन् ही युक्ती त्यानं बाजारातल्या साऱ्या गाडीवाल्यायच्या कानात सांगितली.

भाऊबीजेच्या सकाळी पहिली आली त्याचीच बायको, कौशल्या. हातात ताट, मान खाली. "दादा, ओवाळतो," म्हणे. हे पाहतच राहिले. जन्मात ह्यायले कोणी ओवाळलं नव्हतं. पाट मीच मांडला, मले काय ठाऊक पुढचं! ती उठते ना उठते तं दुसरी, दुसरीमागं तिसरी, अन् मग आमच्या अंगणापासून मारुतीच्या पारापर्यंत ताटं घेतलेल्या बायायची रांग. गयासुद्दीन व्यापाऱ्याची हलीमाबीबी आली. "दिवा इकडून फिरवायचा का तिकडून, भाभी?" असं मलेच इचारे. मी म्हटलं, "फिरव माय कुठूनबी, आता काय फरक पडून राहिला!"

ह्यायचं कपाळ कुंकवानं दिसेना. ओवाळणी म्हणून घरातले खण संपले, नारळ संपले, मग सुपाऱ्या. माझ्या करंज्यायचा डबा नवव्या नणंदेलेच रिकामा झाला. शेवटी द्यायले काहीच उरलं नाही, तवा हे हात जोडून सगळ्यायले म्हणाले, "बायांनो, भाऊ म्हणलं हाय तं भाऊच समजा. माहेरी यावं वाटलं तं सांगा, मी घ्यायले येईन."

सगळ्या गेल्यावर मी पदर खोचून पुढं झाली. "अवो, समजून राहिले का? नवऱ्यायनं धाडल्या त्या!"

"समजलं," हे म्हणाले, अन् आरशात कपाळ पाहून लेकरावाणी हसले. "पण ओवाळलं तं खरंच ना?"

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणं एकेचाळीस नावं लिहून साहेबाले दिली. झालं! बाजारातल्या बहुतेक गाड्या महादेवरावाकडं गेल्या. आमचे हे रिकामे. दिवसभर बसून माश्या मारायच्या. जानराव पुढून जाताना मुद्दाम रामराम करे, "काय म्हणता, साळेबुवा?"

साळा म्हणला ना? मग साळ्यानं साळ्याचं काम सुरू केलं. ऐन वेचणीत, शेत पांढरं फटक फुटलेलं, वेचणीच्या बाया कौशल्याच्या हाताखाली, अन् ह्यायनं दमणी जुंपून नांदगाव गाठलं. भर चावडीपुढं उभं राहून म्हणाले, "माझ्या बहिणीले चार दिवस माहेरी न्यायले आलो." जानरावाचं तोंड वासलं ते वासलंच. चावडीवरल्या पंचायतीसमोर नाही कसा म्हणन? त्यानंच तं साऱ्या गावाले सांगितलं होतं, पुंजाराम माझा साळा!

कौशल्या अकरा वर्षांत माहेरी गेली नव्हती. माहेरी कोणी उरलंच नव्हतं. गाडीत बसली तवा तिले रडावं का हसावं हे कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. ती गेली की दुसरी, मग तिसरी. चार दिवस ही, चार दिवस ती. तिकडं कापूस झाडावर लोंबून राहिला, नवऱ्यायले भाकरीच्या थाळीत करपलेले तुकडे. अन् वापस गेलेल्या बाया सासरी ताठ मानेनं बोलायले लागल्या, "हात उगारू नका, भावाले सांगीन!"

माझ्या घराची तं धर्मशाळा झाली. मी रागानं लाल. पण एक सांगतो, ह्यायनं नियम तिथंबी मोडला नाही. कोणी बाई बोलता बोलता म्हणे, "दादा, आमच्या घरी कापसात पाणी..." की हे दोन्ही कानात बोटं घालून परसात पळत. "मले सांगू नको माय, मी नात्यातला हाय!" सगळ्या बाया लोटपोट.

जानरावाच्या वेचणीनं पुन्हा जोर धरला, अन् कौशल्या दुसऱ्यांदा आमच्याकडं आली, तवा नवऱ्यायचा धीर सुटला. सगळे मिळून साहेबाकडं गेले, "पुंजाराम आमचा कोणी नाही! आमच्या गाड्या त्यालेच तपासू द्या!" तिसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव आमच्या दारात कागद घेऊन हजर, मागं जानराव. कागदावर लिहिलेलं, या एकेचाळीस बायायशी माझं नातं नाही. सही केली तं सगळा बाजार वापस ह्यायच्या हाती. नाही केली, तं दुपारपासून जागा खारीज. ज्याले कापूस तपासताच येत नाही, त्याले सरकार कायले पोसन?

"करा सही," मी म्हटलं. खोटं काहून बोलू, मीच म्हटलं. "त्या आल्या कायसाठी होत्या, ठाऊक हाय ना? जागा गेली तं खाणार काय?"

ह्यायनं टाक घेतला, दौतीत बुडवला, अन् तसाच धरून बसले. "साहेबानं सांगितलं, असलेलं नातं लपवू नये," हे म्हणाले. "आल्या तवा नातं खोटं होतं. आता खरं हाय. मग नाही असं कसं लिहू?" पण टाक काही खाली ठेवेनात. त्या जागेवर किती जीव होता, मले ठाऊक. शाईचा थेंब कागदावर पडला, ह्यायचे डोळे भरले.

तेवढ्यात आतून कौशल्या आली. गाठोडं बांधलेलं, डोक्यावर पदर. सगळं ऐकलं होतं तिनं. "दादा," म्हणे, अन् लगेच जीभ चावली. "पुंजारामजी, मीच सांगतो. मी तुमची बहीण नाही. मले धाडलं होतं, मी कापसासाठीच आली होती. आता लिहा, खोटं होत नाही." अन् ती जानरावाच्या मागं जाऊन उभी राहिली.

आमचे हे तिच्याकडं पाहून हसायलेच लागले, डोळ्यातून पाणी गळतच. "ऐकलं का महादेवराव? हे बहिणीबिगर कोण म्हणन?" टाक पुसून ठेवला, अन् कागद बिनसहीचाच वापस दिला.

जागा गेली. त्याच दुपारी गेली. पण त्याआधी मी उंबरा ओलांडून जानरावासमोरून कौशल्याच्या हातातलं गाठोडं हिसकलं. मले रागबी आला होता, रडूबी आलं होतं. "चार दिवसाचं माहेर हाय, अजून दोनच झाले," मी म्हटलं. "चाल आत. पीठ मळायचं पडलं हाय."