जेवायला बसताना काय म्हणायचं

आई, मी कराडहून निघालो त्या दिवशी ताटात अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी तशीच राहिली. दारात जीपवाला हॉर्न वाजवत होता, बाबा माझी बॅग उचलून "चल, विमान थांबणार नाही," म्हणत होते आणि तू तेवढी पुन्हा पुन्हा सांगत होतीस, "सावकाश होऊ दे रे." मी हात धुतले आणि पळालो. इथे बहरीनला येऊन आठ वर्षं झाली, अजून तसाच पळत जेवत होतो.

सलमाबादच्या आमच्या वेअरहाऊसमध्ये जेवण म्हणजे वीस मिनिटांचा ब्रेक. प्रत्येकाचा डबा आपापल्या मोबाइलसमोर. गेल्या हिवाळ्यात नवं पॅकिंग मशीन बसवायला चेक देशातून पावेल आला. साठीचा माणूस, इंग्रजी मोजकंच. मॅनेजरने मला सांगितलं, नेहमीच्या इंग्रजी वाक्यांचं चेकमध्ये भाषांतर करून भिंतीवर लाव. मी मोबाइलवरून चाळीस वाक्यं उतरवली, लॅमिनेट केली आणि कॉलर ताठ करून फिरलो.

पहिल्याच दिवशी फजिती. 'हाऊ आर यू'चं चेक वाक्य फेकून मी पुढे चालू लागलो. वळून पाहिलं तर पावेल माझ्या पाठीला आपला दुखरा गुडघा दाखवत होता. त्याने खरंखुरं उत्तर दिलं होतं, मीच थांबलो नव्हतो. पुढे तो मशीनमागे एकटाच जेवायला लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याने मॅनेजरला सांगून टाकलं, दुसरा माणूस बोलवा, मला घरी जायचंय. मशीन अर्धवट पडलं होतं, आणि खापर माझ्याच डोक्यावर फुटणार हे दिसत होतं.

आमचा इलेक्ट्रिशियन मेश्राम नागपूरचा. त्याने माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "भाऊ, कागद मस्त हाय जी. पण हे केव्हा म्हणाचं, ते कुठी लिहिलं हाय?"

त्याने स्वतःची वही काढली. तिच्यात इंग्रजी वाक्यं नव्हतीच, नुसते प्रसंग होते. 'ओझं उचलताना.' 'माणूस उदास असताना.' 'जेवायला बसताना'पाशी तो अडला. "तुमच्या घरी काय म्हणतेत?"

"सावकाश होऊ दे," मी म्हटलं आणि भिंतीवरचा कागद पुन्हा वाचून काढला. माझ्या चाळीस वाक्यांत जेवणाचं एकही नव्हतं.

मेश्राम डबा घेऊन मशीनमागे गेला. पावेलसमोर बसला, घास हातात धरून थांबला आणि भुवयांनीच विचारलं. पावेलने हातातला काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "दोब्रोउ खुत्य." मेश्रामने ते देवनागरीत उतरवलं आणि शेजारी तुझे शब्द लिहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाराजण मोबाइल खिशात घालून एका टेबलाशी बसलो आणि एकदम ते म्हटलं. उच्चारांचा पार बोजवारा. पावेलने चष्मा काढून पुसला. मशीन सुरू होईपर्यंत तो राहिला.

तो गेला, पण सवय राहिली. सगळे बसल्याशिवाय कुणी घास घेत नाही. आमचा बहरीनी ड्रायव्हर तर लांबूनच अरबीत 'चला' म्हणत ओरडतो, "यल्ला, दोब्रोउ खुत्य!" माझ्या डिग्रीला जे सुचलं नाही ते मेश्रामला सुचलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

जेवणाऱ्याला जिथे कुणी घाई करत नाही ते घर, एवढं मला त्या टेबलाशी कळलं. आई, माझी लीव्ह मंजूर झालीय. बाबांना आत्ताच सांगून ठेव, मी परत निघेन त्या दिवशी जीप तासभर उशिरा बोलवा. मला ती अर्धी भाकरी संपवायची आहे.