कोन्त्या कारखान्यावर व्हतास?

निवृत्तीनंतर पाठीवर सॅक लावून मी एकटीच परदेश बघायला निघाले. जेवणाचे पैसे वाचवायचे म्हणून एका स्टेशनावर घरची दशमी सोडली, आणि कारळाच्या चटणीच्या वासानं मला थेट पूर्णा जंक्शनावर नेऊन सोडलं.

सत्तरच्या दशकातली ती दुपार होती. आई आणि मी ऊसतोडीहून परत येत होतो. शेजारी एक गोरा तरुण येऊन टेकला. दाढीत धूळ, पायात तुटकी चप्पल, पाठीवरच्या वळकटीला बांधलेलं पातेलं. पाठीवर संसार घेऊन हिंडणारी माणसं आईला एकाच प्रकारची माहीत होती.

"कोन्त्या कारखान्यावर व्हतास रं बाबा?" तिनं विचारलं. तो नुसताच हसला.

"मुकादमानं लय राबवलेलं दिसतंय," आई मला म्हणाली, आणि माझ्या वाटची भाकर चटणीसकट तिनं त्याच्या हातावर ठेवली. मी फुरंगटून बसले. भाकर संपवून त्यानं कमरेच्या पिशवीतून नोटांची जाड घडी काढली आणि त्यातली एक पुढं केली.

आईनं त्याचा हात मागं सारला. "ठिव. घरी माय वाट बघायली असंल."

आई फसली, असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

त्या परक्या बाकावर मी दशमी संपवली. माझ्याही कमरेला पैसे होते. येणारे-जाणारे पुष्कळ होते. कोन्त्या कारखान्यावर व्हतीस, असं विचारणारं मात्र कुणी नव्हतं.